निघेना झालेली कुपी
आईच्या जबड्याच्या एक्स-रेत चार स्क्रू दिसले आणि बग शोधावा तसा मी त्यांचा इतिहास शोधत बसलो. १९५२, स्वीडनमधलं लुंड. पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपला, पण हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं! १९६५ मध्ये योस्टा लार्सन यांच्या जबड्यात असेच स्क्रू बसले. २००६ मध्ये ते वारले तेव्हाही शाबूत होते.

आता प्रश्न स्क्रूंवरच्या सांगाड्याचा. टायटॅनियम हाडाच्या पाच-सहा पट ताठ. चावण्याचा भार तो सगळ्या स्क्रूंवर वाटतो. पीक नावाचं प्लास्टिक हलकं, पण वाकतं, मग जवळच्या स्क्रूभोवतालच्या हाडावर जास्त ताण येऊ शकतो. शिवाय त्याच्यामागे लार्सन यांच्यासारखी चाळीस वर्षं नाहीत. डॉक्टरांना उद्या उत्तर द्यायचंय. आई विचारतेय, भाकरी कधी खाता येईल?