मुलांचा जामीनदार

अपराधी मुलाचें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढें केव्हां ना केव्हां उभा राहतोच. निष्ठुर माणसें त्याला जें उत्तर देतात तें सर्वांस ठाऊक आहे. दयाळू माणसें जें देतात त्याचा इतिहास मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. कारण दयेच्या पोटींही भिंती उभ्या राहतात, आणि दयेनें बांधलेली भिंत पाडण्याचें कोणाच्या लवकर मनांत येत नाहीं. या दृष्टीनें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानाची हकीकत बोधप्रद आहे. मुलांविषयींच्या कळवळ्यांतून तेथें एकाच दशकांत दोन वाटा फुटल्या, आणि दोन्ही कोठें गेल्या हें आज आपणांस पाहतां येतें.

पहिली वाट एका जोडे शिवणाऱ्या कारागिराची. जॉन ऑगस्टस हा पन्नाशी उलटलेला गृहस्थ १८४१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बोस्टन येथील पोलीस कोर्टांत बसला असतां एका दारूबाज इसमास शिक्षेसाठीं पुढें आणण्यांत आलें. ऑगस्टसनें त्याच्याशीं दोन शब्द बोलून, न्यायाधीशांच्या संमतीनें, त्याचा जामीन पत्करला. तीन आठवड्यांनीं तो इसम परत आला तेव्हां त्याच्यांत इतका पालट झाला होता, कीं न्यायाधीशांनीं त्यास खर्चाखेरीज केवळ एक सेंट दंड केला.

१८४३ पासून ऑगस्टस मुलांसही जामीन राहूं लागला. चोरीचा आरोप असलेल्या दोन मुली, एक आठ वर्षांची व दुसरी दहा, आणि अकरा वर्षांचा एक मुलगा, हीं त्यानें प्रथम पदरीं घेतलीं. १८४६ पर्यंत नऊ ते सोळा वर्षांच्या सुमारें तीस मुलांची हमी त्यानें घेतली होती. त्याची पद्धत साधी होती. मुलाचें वय, पूर्वींचें वर्तन व भोंवतालची संगत यांची तो आधीं चौकशी करी. खटला कांहीं काळ तहकूब करून घेई. तेवढ्या अवधींत मुलास शाळेंत घाली किंवा एखादें प्रामाणिक काम मिळवून देई. आणि मुदत भरली म्हणजे त्याच्या वागणुकीचा खरा वृत्तांत न्यायालयास सादर करी. या कामापायीं त्याचा धंदा बसत चालला. विरोधही झाला, व त्याचें कारण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कोर्टाच्या शिपायांस प्रत्येक कैदी तुरुंगांत पोंचविण्याबद्दल फी मिळे. जामीन झाला कीं ती बुडे. १८५९ मध्यें तो वारला, तोंवर त्यानें सुमारें १,९०० माणसांची हमी घेतली होती.

दुसरी वाट सरकारची. मुलें मोठ्या गुन्हेगारांत राहून बिघडूं नयेत, या सद्धेतूनें मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें १८४७ मध्यें कायदा केला, आणि पुढील वर्षीं वेस्टबरो येथें मुलांची सुधारशाळा उघडली. बोस्टनचे एक माजी नगराध्यक्ष थिओडोर लायमन यांनीं तिला उदार देणगी दिली; पुढें शाळेस त्यांचेंच नांव मिळालें. शेती, हस्तव्यवसाय, अक्षरओळख, प्रार्थना, सर्व कांहीं तेथें योजलेलें होतें. मुलाला घरचें माणूस मात्र नव्हतें. शाळा अकरा वर्षांची होते न होते तोंच, ऑगस्टस वारला त्याच वर्षीं, तेथील एका मुलानें इमारतीस आग लावली, व तिचा मोठा भाग जळाला. इमारत पुन्हां बांधण्यांत आली. आग कां लागली या प्रश्नाचें उत्तर देणें त्याहून कठीण होतें.

यापुढें दोन्ही वाटा समांतर चालल्या. १८६९ मध्यें मुलांच्या खटल्यांत लक्ष घालण्यासाठीं सरकारी प्रतिनिधि नेमण्यांत आला. १८७८ च्या कायद्यानें बोस्टनमध्यें पगारी परिवीक्षा अधिकारी आला, म्हणजे ऑगस्टसचें स्वयंसेवेचें काम राज्यानें अंगावर घेतलें. १८९९ मध्यें शिकागो येथें मुलांचें स्वतंत्र न्यायालय निघालें, त्याचाही आधारस्तंभ हाच अधिकारी होता. परंतु भिंती उभ्याच राहिल्या.

१९६९ मध्यें जेरोम मिलर हे त्या संस्थानाच्या बालसुधार खात्याचे प्रमुख झाले. आरंभीं त्यांनीं शाळांच्या आंतूनच सुधारणा करून पाहिली. ती टिकेना, तेव्हां त्यांनीं शाळाच बंद करण्याचें ठरविलें. १९७२ च्या जानेवारींत लायमन शाळेंतील सुमारें शंभर मुलें मोटारींतून ॲमहर्स्टच्या विद्यापीठांत नेण्यांत आलीं. तेथें तीं महिनाभर विद्यार्थ्यांच्या सोबतीनें राहिलीं, व पुढें कोणी स्वगृहीं, कोणी पालक कुटुंबांत, कोणी लहानशा वसतिगृहांत गेलीं. अगदीं थोड्या धोकादायक मुलांसाठींच बंदिस्त जागा राखण्यांत आल्या.

याचें फळ काय? हार्वर्डच्या अभ्यासकांनीं काढलेला निष्कर्ष कोणत्याही पक्षास पूर्ण सुखावणारा नाहीं. सर्व संस्थानांत मिळून पुन्हां गुन्हा करण्याचें प्रमाण घटलें नाहीं. परंतु जेथें नव्या सोयी विविध व चांगल्या होत्या, तेथें मुलें अधिक सुधारलीं. सारांश, भिंत पाडली म्हणजे काम संपलें असें नाहीं. भिंतीच्या जागीं माणूस उभा करावा लागतो, आणि ऑगस्टसचें मर्म तेंच होतें.

आपल्याकडील क्रमही याहून फारसा निराळा नाहीं. १८५० च्या कायद्यानें क्षुल्लक अपराध केलेल्या मुलांस उमेदवार म्हणून कारागिरांच्या हातीं देण्याची सोय झाली. १८५७ मध्यें मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवानें सुधारगृह निघालें. १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे झाले. आणि १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानें मुलांच्या वेगळ्या न्यायालयाची कल्पना इकडे आणली. आजचा २०१५ चा कायदा तर स्पष्ट सांगतो, कीं मुलास संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय होय. मुलास जामिनावर सोडणें हा त्याचा सामान्य नियम आहे. आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या किंवा एखाद्या ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखालीं त्यास सोंपविण्याची मुभाही त्यांत आहे.

ही योग्य व्यक्ति कोण? आपल्या घरच्या मुलानें दुकानांतून कांहीं उचललें, तर बाप जाऊन पैसे भरतो, मामा रदबदली करतो, शिक्षक चार शब्द सांगतात, आणि प्रकरण चौकीपर्यंत पोंचतही नाहीं. तेंच कृत्य फलाटावर निजणाऱ्या मुलाच्या हातून घडलें तर तें दप्तरांत नोंदलें जातें. दोघांच्या अपराधांत भेद नसतो. भेद इतकाच, कीं एकाला जन्मतःच दहा जामीनदार असतात व दुसऱ्याला एकही नसतो. कायद्यानें त्या दुसऱ्या मुलासाठीं एक जागा मोकळी ठेविली आहे. ती भरण्यास फार मोठें पांडित्य किंवा संपत्ति लागत नाहीं. बोस्टनमध्यें ती प्रथम भरली, ती जोडे शिवून पोट भरणाऱ्या माणसानें.