मुलामागे आठ शिलिंग

शाळेला सरकारने पैसे कशाबद्दल द्यायचे? मास्तरांच्या पगाराबद्दल, इमारतीबद्दल, की मुलं शिकली याबद्दल? तिसरं उत्तर ऐकायला सगळ्यात चोख वाटतं. इंग्लंडने ते 1862 साली अमलात आणलं आणि त्याची किंमत एका अख्ख्या पिढीने मोजली.

तिथल्या सरकारने शाळांना पहिलं अनुदान दिलं 1833 मध्ये, 20 हजार पौंडांचं. तीस वर्षांत हा आकडा 8 लाखांच्या वर गेला. एवढे पैसे ओतूनही बरीच गरीब मुलं धड लिहाय-वाचायला न शिकताच शाळा सोडतात, असं 1861 च्या चौकशी अहवालाने सांगितलं. शिक्षण खातं तेव्हा रॉबर्ट लो यांच्याकडे होतं. त्यांनी नवी नियमावली आणली आणि संसदेला हमी दिली, ती अशी : ही योजना स्वस्त पडली नाही तर परिणामकारक ठरेल, आणि परिणामकारक ठरली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल.

हिशेब सोपा होता. सरासरी हजेरीवर मुलामागे 4 शिलिंग. सहा वर्षांवरच्या मुलाची हजेरी पुरेशी भरली आणि ते परीक्षेत पास झालं, तर आणखी 8 शिलिंग. विषय तीनच : वाचन, लेखन, गणित. एका विषयात नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले जायचे. परीक्षा घ्यायला वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर यायचा.

जे मोजलं जातं तेच काम होतं, हे आयटीतल्या कुणालाही पहिल्या अप्रेझलमध्ये कळतं. इंग्लंडच्या शाळांतही तेच झालं. इतिहास-भूगोलाला पैसे नव्हते, म्हणून ते मागे पडले. मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करू लागली. पुस्तक उलटं धरूनही धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलांचे किस्से प्रसिद्ध आहेत. आजारी मुलांनाही परीक्षेच्या दिवशी शाळेत आणलं जाई. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा इन्स्पेक्टर होते. अनुदान यांत्रिक परीक्षेवर बेतलं की शिकवणंही यांत्रिक होणार, असं त्यांनी सरकारी अहवालातच लिहिलं.

खरी मेख मात्र वेगळीच होती. घरी पुस्तकं असलेल्या मुलाला पास करायला कष्ट कमी. कामाला जाणाऱ्या, अर्धपोटी मुलाला शिकवायला कष्ट दुप्पट, आणि हजेरी भरली नाही तर ते परीक्षेलाही बसू शकत नसे. पैसे दोघांचे सारखेच. म्हणजे ज्या शाळेला मदतीची गरज जास्त, तिचंच अनुदान कापलं जाण्याचा धोका जास्त. 1865 पर्यंत एकूण अनुदान साडेसहा लाख पौंडांच्या खाली आलं. योजना स्वस्त नक्कीच पडली.

हीच पद्धत भारतातही आली. 1882 मध्ये हंटर आयोगाने शिक्षणाची चौकशी केली, तेव्हा पुण्याहून जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यावर तारीख आहे 19 ऑक्टोबर. सरकारी महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचं म्हणणं आपल्याला माहीत असतं. पण त्याच निवेदनात त्यांनी निकालावर अनुदान देण्यालाही विरोध केला होता. गरीब, निरक्षर लोकांत शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे. तिथे निकालाच्या भरवशावर स्वतःहून शाळा काढायला कोण मास्तर धजेल? त्याचं पोटच भरणार नाही. प्रशिक्षित मास्तर नेमा आणि त्यांना बरा पगार द्या, असं त्यांनी सांगितलं. 1848 पासून शाळा उभ्या करणारा माणूस बोलत होता.

आयोगाने प्राथमिक शाळांसाठी निकालाचीच पद्धत सुचवली, मागास भागांतल्या शाळांना तेवढी सूट ठेवली. इंग्लंडने ती 1890 च्या दशकात सोडून दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इथेही मोडीत निघाली.

कल्पना मात्र मेली नाही. ‘निकाल दाखवा, निधी मिळवा’ हे वाक्य आजही कडक आणि हुशार वाटतं. ते कानावर पडलं, की फुल्यांनी विचारलं असतं तेच विचारावं : नापास झालेल्या मुलाच्या शाळेतून पैसे काढून घेतले, तर पुढच्या वर्षी त्या मुलाला शिकवणार कोण?