भाग, संपूर्ण आणि अनंत

संपूर्ण वस्तू तिच्या भागापेक्षा मोठी असते, हे युक्लिडचे तत्त्व शतकानुशतके स्वयंसिद्ध म्हणून शिकवले गेले. त्याला धक्का देणारे एक साधे उदाहरण गॅलिलिओने आपल्या अखेरच्या ग्रंथात दिले आहे. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथे तो नजरकैदेत असताना, १६३८ साली, हा ग्रंथ हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला.

१, २, ३, ४ या संख्यांखाली त्यांचे वर्ग मांडा : १, ४, ९, १६. प्रत्येक संख्येला एक वर्ग, प्रत्येक वर्गाला एक मूळ. जोड्या तंतोतंत जुळतात. पण पहिल्या शंभर संख्यांत वर्ग असतात फक्त दहा आणि पहिल्या दहा हजारांत शंभर. मग वर्ग कमी की संख्यांइतकेच? गॅलिलिओने निष्कर्ष काढला की 'समान', 'कमी', 'जास्त' हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत.

असे का होते? देवळाच्या मंडपातले उदाहरण घेऊ. सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत. त्यांतली पहिली उचलली, तर माणसांना कसेही बसवा, एकजण उभा राहणारच. आता खुर्च्यांची रांग न संपणारी आहे असे समजा. पहिली खुर्ची काढली तरी प्रत्येकाने एकेक जागा पुढे सरकावे. कोणीही उभा राहत नाही. कारण या रांगेत शेवटचा माणूसच नाही! आपला रोजचा तर्क या 'शेवटच्या माणसा'वर नकळत विसंबून असतो.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'बीजगणिता'त शून्याने भागून येणाऱ्या 'खहर' राशीविषयी म्हटले आहे की, तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही. तिथे विषय एका राशीचा होता, समूहांच्या तुलनेचा नव्हे. पण नेहमीचा हिशेब इथे चालत नाही ही जाणीव त्यात आहे.

जर्मन गणिती डेडेकिंडने १८८८ साली गॅलिलिओच्या अडचणीचीच व्याख्या केली : ज्या समूहाची त्याच्याच एखाद्या भागाशी एकास एक जोडी लागते, तो अनंत. त्याचा मित्र गेऑर्ग कँटर याने तर १८७४ सालीच दाखवले होते की रेषेवरच्या बिंदूंची १, २, ३ शी अशी जोडी कधीच लागत नाही. १८९१ची त्याची सिद्धता अधिक सोपी आहे. दशांश अपूर्णांकांची अनंत यादी करा. पहिल्याचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा असे बदलत नवा अपूर्णांक रचा. तो यादीतल्या प्रत्येकाहून वेगळा. म्हणजे यादी अपुरीच. अनंतातही लहानमोठे आहे!

क्रोनेकरसारख्या वजनदार गणितीचा कँटरला कडवा विरोध होता. १८७७ साली रेषेवर आणि चौरसात बिंदू सारखेच आहेत हे सिद्ध केल्यावर, दिसते पण विश्वास बसत नाही, अशा अर्थाचे त्याने स्वतःच डेडेकिंडला लिहिले होते. मला त्याचे मोठेपण इथेच दिसते. मन मानत नव्हते, तरी सिद्धतेची साथ त्याने सोडली नाही.