उधळपट्टी नावाचा आरोप

गेल्या दिवाळीत मी बार्शीला घरी गेलो तो लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट घेऊनच. शीटचं नाव ‘घरखर्च’. किराणा, दूध, वीज, औषधं, अहेर-माहेर, देणी असे रकाने आणि प्रत्येकाला वेगळा रंग. गरजेचा खर्च हिरवा, टाळता येण्यासारखा लाल.

आमच्या अण्णांचं शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. गेली काही वर्षं घरात पैसा टिकत नव्हता. मी दरमहा पाठवतो तोही कुठं जातो कळत नव्हतं. पाडव्याला दुपारी सगळे जेवून बसले असताना मी शीट उघडली आणि निकाल देऊन टाकला : “अण्णा, हे सगळं ताईच्या लग्नापासून सुरू झालंय. तेव्हा हात आवरला असता तर आज ही वेळ आली नसती.”

अण्णा काही बोलले नाहीत. उठले आणि दुकानाकडं गेले, सणाच्या दिवशी. आई पानाचा डबा पुढं ओढत एवढंच म्हणाली, “लग्न दोन दिवसांत उरकलं की रे. मग अजून फिटत कसं नाही?”

माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. २०१४ साली पतसंस्थेतून काढलेलं ३ लाखांचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं होतं, हे मलाही माहीत होतं. तरी लग्न हेच कारण मी इतक्या खात्रीनं कसं सांगितलं?

पुण्यात मी पिंपळे सौदागरला राहतो. हिंजवडीत कंपनी आणि पिंपळे सौदागरमध्ये दोघातिघांत भाड्याचा फ्लॅट, ही आमच्या पिढीतल्या पुष्कळ इंजिनिअरांची कहाणी. पवनेच्या काठावरचं हे एके काळचं खेडं आता पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. परत आल्यावर एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर या गावाचा इतिहास शोधत बसलो, आणि एक पुस्तक सापडलं. १९१७ सालचं. दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि श्रम हा त्याचा विषय, आणि ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. मी जिथं रात्री ११ वाजता बिर्याणी मागवतो, त्याच गावातल्या माणसांच्या घरखर्चाचा हिशेब!

लेखक हॅरॉल्ड मान. शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. भारतात बरीच वर्षं काढलेल्या या माणसानं त्याआधी इंग्लंडमधल्या रिजमंट नावाच्या खेड्याचाही असाच अभ्यास केला होता. त्यामागं प्रेरणा होती सीबोम राउंट्री यांची. राउंट्रींनी १८९९ मध्ये यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरांची पाहणी केली आणि १९०१ साली ती पुस्तकरूपानं आणली. त्यात त्यांनी गरिबीचे दोन प्रकार केले. पहिल्या प्रकारात कमाईच इतकी कमी, की एक पैसाही वावगा खर्च न करता जगायला पुरत नाही. दुसऱ्या प्रकारात कमाई पुरली असती, पण तिच्यातला काही भाग दुसरीकडं जातो. हा दुसरीकडचा खर्च उपयोगाचा असेल किंवा वायाही जात असेल, पण घराला तो कमी पडतो.

एवढी साधी विभागणी माझ्या शीटमध्ये नव्हती. माझ्याकडं फक्त लाल आणि हिरवा होता.

मान यांनी पिंपळ्यातल्या १०३ कुटुंबांचा हिशेब मांडला. शेतीचं उत्पन्न किती, बाहेरच्या मजुरीचं किती, कर्जाचा बोजा किती, आणि खाण्या-कपड्याला लागतं किती. लागतं किती हे त्यांनी साहेबी मापानं ठरवलं नाही. गावातली माणसं ज्याला धड जगणं म्हणतात तेच माप धरलं. निकाल असा : निव्वळ शेतीवर नीट भागतं अशी कुटुंबं ८. शेती आणि बाहेरची मजुरी मिळून भागतं अशी २८. आणि दोन्ही करूनही भागत नाही अशी ६७. म्हणजे १०० तली ६५ घरं तोट्यात.

कारणही त्याच पुस्तकात आहे. गावात जमिनीचे मालक १५६ आणि तुकडे ७०० च्या वर. त्यातले ४६३ तुकडे एकराहून लहान. एवढ्याशा वावरावर कुणी कितीही काटकसर केली तरी घर चालणार नव्हतं. जवळच खडकीला दारूगोळ्याचा कारखाना होता, तिथल्या रोजंदारीवर बरीच घरं तगून होती. पुढं मान आणि कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास केला, तो १९२१ मध्ये आला. तिथं १४७ पैकी १२५ कुटुंबं तोट्यात निघाली. जातेगावच्या माणसांना उधळायची जास्त सवय होती असं तर नाही. पाऊस कमी होता, आणि खडकीसारखा कारखाना शेजारी नव्हता.

पण एका प्राचार्यानं घरोघरच्या भाकरीचा हिशेब मांडत बसायची गरज का पडावी? ते कळायला आणखी ४० वर्षं मागं जावं लागतं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद : कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. मिळाले ते जाळले. पुढच्या काही दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हेच झालं. मारहाण त्या मानानं कमी झाली. जिथं सावकारानं कागद देऊन टाकले, तिथं बहुधा प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. शेतकरी कर्जात का बुडतो, याचं उत्तर तेव्हाच्या पुष्कळ अधिकाऱ्यांच्या आणि शहाण्या माणसांच्या तोंडावर तयार होतं : लग्नकार्यं, सणवार, उधळपट्टी. आयोगाच्या १८७६ च्या अहवालात या उत्तराला चक्क कात्री लागली. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं, की लग्नातल्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त वाटेल, पण असे प्रसंग वर्षानुवर्षांनी येतात. खर्चाच्या बाजूला ही एक रक्कम आहे खरी, पण कर्जाचं मूळ क्वचितच तिच्यात सापडतं.

मग मूळ कुठं? सारा रोखीत आणि ठरलेल्या तारखांना भरायचा. पीक मात्र तारीख पाहून येत नाही. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इथल्या कापसाला प्रचंड भाव आला, सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्याच दशकाच्या शेवटी काही तालुक्यांत फेरआकारणी होऊन सारा वाढला. सावकारानं हात आखडला, आणि जुन्या मुद्दलावर व्याज चढून नवा रोखा, त्यावर पुन्हा व्याज, असं चालू राहिलं. रोखा लिहिताना मूळ रक्कम किती होती हे काही वर्षांनी कुणालाच सांगता येईना. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात म्हणूनच एक महत्त्वाची तरतूद होती : कोर्टानं रोख्यावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, त्यामागचा व्यवहार सुरुवातीपासून उघडून पाहायचा.

हे वाचताना मला आमच्या घरातली ती दुपार आठवत होती. मीही शेवटचा आकडा पाहून मोकळा झालो होतो.

शेतकऱ्यावर होता तोच आरोप पुढं मुंबईच्या गिरणी कामगारावरही आला. तिथंही आकडे गोळा झाले. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि १९२३ मध्ये अहवाल छापला. कुटुंबाची सरासरी मासिक कमाई ५२ रुपयांच्या आसपास. खर्चाचे १०० भाग केले तर अन्नावर ५६.८, कपड्यांवर ९.६, घरभाड्यावर ७.७, जळण आणि दिवाबत्तीवर ७.४, आणि बाकी सगळ्यावर १८.५. याच अहवालात असंही नोंदवलंय, की या कामगारांच्या पोटात जाणारं धान्य मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला नेमून दिलेल्या धान्यापेक्षा कमी होतं.

४७ टक्के कुटुंबं कर्जात होती. कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईएवढं. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आता आपणच गुणाकार करू. अडीच महिन्यांची कमाई साधारण १३० रुपये. त्यावर एक आण्यानं महिन्याला व्याज ८ रुपयांच्या वर. घरभाडं मात्र ४ रुपयांच्या आतबाहेर. म्हणजे अशा कुटुंबानं व्याज पूर्ण भरायचं म्हटलं, तर राहत्या खोलीच्या भाड्याच्या दुप्पट पैसे व्याजात जाणार. यात विडीकाडी वाचवून किती वाचणार?

त्या शनिवारी मी पुन्हा बार्शीची गाडी पकडली. या वेळी लॅपटॉप बॅगेतच ठेवला आणि अण्णांना म्हटलं, “चुकलं माझं. दुकानाच्या वह्या दाखवता का?”

वह्यांमधून जे निघालं ते असं. मोटारी जळतात फाल्गुन ते वैशाखात, तेव्हा काम भरपूर. पण शेतकरी पैसे देणार सोयाबीन विकल्यावर, नाहीतर तुरीचे आल्यावर. तांब्याची तार मात्र दुकानात रोखीनं आणावी लागते. शिवाय पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. हे अंतर भरायला अण्णा एका ओळखीच्या माणसाकडून व्याजानं पैसे घेत गेले, शेकडा ३ टक्के महिना. २०१९ मध्ये पतसंस्था फिटली तेव्हा हे दुसरं कर्ज दीड लाखावर उभं होतं. तिथून पुढं दरमहा ४,५०० रुपये नुसतं व्याज. गेल्या दिवाळीपर्यंत ७२ महिने. मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला : ३ लाख २४ हजार. लग्नाच्या मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याजात गेली होती, आणि दीड लाख तसेच्या तसे होते.

हे व्याजाचं प्रकरण आईलाही माहीत नव्हतं. अण्णा बराच वेळ जमिनीकडं बघत बसले. मग म्हणाले, “तुझ्या त्या शीटमध्ये याला रकाना नव्हता.”

खरंच नव्हता. आणि माझ्या स्वतःच्या हिशेबातही नव्हता. माझ्या क्रेडिट कार्डावर तेव्हा ८० हजार रुपये थकले होते. दर महिन्याला मी ‘किमान देय’ भरून निश्चिंत व्हायचो. साडेतीन टक्के महिना, म्हणजे २,८०० रुपये व्याज. अण्णांच्या सावकारापेक्षा माझा सावकार महाग होता, फक्त तो ॲपमधून यायचा. अण्णांनी तार आणण्यासाठी कर्ज काढलं होतं. मी कशासाठी, ते बिल पाहून मलाच सांगता येईना. त्यातलं बरंचसं रात्रीच्या जेवणाचं होतं. राउंट्रींच्या दुसऱ्या प्रकारातला माणूस आमच्या घरात मीच निघालो.

मग आम्ही ठरवलं ते फार मोठं नाही. माझी एफडी मोडून आधी कार्ड मिटवलं आणि दीड लाखातले ९० हजार दिले. उरलेले ६० हजार हप्त्याहप्त्यानं जातायत. दुकानाचा आणि घराचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत ठेवला. सोयाबीन-तुरीची वसुली आली की तारेचा सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढायचा, मग बाकीचं. शीटमध्ये आता लाल-हिरवा नाही. पैसा कधी येणार, कधी जाणार आणि त्यावर व्याज किती, हे तीन रकाने पहिले. रोजचा खर्च आई वहीत लिहिते आणि रविवारी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवते. त्याच वहीत माझाही खर्च असतो. मी फोनवर सांगायचा, तिनं लिहायचा. पहिल्या महिन्यात “हे चारशे कशाचे रे?” या प्रश्नानं माझी जेवढी बाहेरची जेवणं बंद झाली, तेवढी कुठल्याही ॲपच्या सूचनेनं झाली नव्हती.

एका महिन्यात गाडी घसरली. चुलत भावाच्या साखरपुड्याचा अहेर कुणीच धरला नव्हता. मला शब्द सुचला होता, पण गिळला. वहीत ‘अहेर’ असा रकाना वाढवला आणि दरमहा ५०० टाकायला लागलो. लग्नं-साखरपुडे येणारच. ते अचानक आल्यासारखं आपण वागतो, हीच खरी गडबड.

मागच्या खेपेला अण्णांना मान साहेबांची गोष्ट सांगितली. ६७ घरं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात आला नव्हता : “त्या माणसाला लोकांनी सांगितलं कसं? आपलं कर्ज कुणी सांगतं का?”

मी काही बोललो नाही. आई वही घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “आज दुकानात काय आलं?” अण्णांनी खिशातून नोटा काढून समोर ठेवल्या, मोजल्या आणि म्हणाले, “लिही. तेराशे पन्नास. आणि दोनशे चहापाण्याला गेले, तेही लिही.”