इंटरचे वर्ष आणि घरचा सल्ला : हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या इतिहासातील एक प्रकरण



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना मोठ्या माणसांच्या मोठ्या कर्तृत्वाकडे सहज लक्ष जाते. मी मात्र आज एका लहानशा घरगुती प्रसंगाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. मॅट्रिकचा निकाल लागलेला आहे, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा आहे, आणि घरातील वडीलमंडळी ओसरीवर बसून त्याला कोणत्या कॉलेजात घालावे याचा विचार करीत आहेत. हा प्रसंग प्रत्येक घरात घडतो, म्हणूनच त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. पण हैदराबाद संस्थानातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत या बैठकीत भाषा, पोटापाण्याचा प्रश्न आणि राज्यकर्त्यांविषयीची निष्ठा हे तिन्ही विषय एकदम उपस्थित होत असत. त्यामुळे तिचा इतिहास हा काही अंशी या प्रदेशाचाच इतिहास आहे.

संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. राजधानीतही सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा, शालीबंडा या भागांत मराठी वस्ती पूर्वीपासून होती. मात्र कचेरी, न्यायालय आणि वरिष्ठ शिक्षण यांची भाषा उर्दू होती. ही उणीव ओळखून मराठी मंडळींनी १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्यात नूतन विद्यालय या शाळा सुरू केल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने या कामासाठी पैसा वेचला आणि सरकारी नाराजीही पत्करली. शाळेचा प्रश्न अशा रीतीने काही प्रमाणात सुटला. शाळेनंतर काय, हा प्रश्न मात्र उरलाच.

त्या काळी पालकांपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. पहिली निजाम कॉलेजची. हे कॉलेज १८८७ साली स्थापन झाले. सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांचा त्याच्या उभारणीशी निकटचा संबंध होता. ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते आणि तेथील शिक्षण इंग्रजीतून होत असे. दुसरी वाट उस्मानिया विद्यापीठाची. १९१७ साली फर्मान निघून १९१८ साली त्याची स्थापना झाली, आणि सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग तेथे सुरू झाला. तिसरी वाट संस्थानाबाहेरची, म्हणजे बहुधा पुण्याची. वाडी जंक्शनवर गाडी बदलायची आणि मुंबई-मद्रास लोहमार्गाने पुणे गाठायचे.

उस्मानियाविषयी बोलताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. हिंदुस्थानी भाषेतून पदार्थविज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकविता येतो, हे त्या विद्यापीठाने सिद्ध करून दाखविले. त्यासाठी भाषांतराची स्वतंत्र संस्था उभारून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. ज्या देशात विद्या म्हणजे इंग्रजी असे समीकरण होते, तेथे हे काम सामान्य नव्हे. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापून मराठीतून उच्च शिक्षण देण्यास आरंभ केला, त्याच विचाराची ही मोठ्या प्रमाणावरील दुसरी आवृत्ती होती. दोष होता तो दुसरीकडे. ज्या भाषेला मातृभाषेचा मान दिला गेला ती संस्थानातील थोड्या लोकांची भाषा होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या दृष्टीने ती परकी नसली तरी घरची नव्हती.

यातून एक विलक्षण विसंगती निर्माण झाली. मराठी शाळेसाठी वर्गणी गोळा करणारे गृहस्थच आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या निजाम कॉलेजात पाठवीत. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मराठीतून पदवी देणारी संस्था मुलांसाठी कोठेच नव्हती. इंग्रजी आणि उर्दू यांतून एक निवडायची असता, इंग्रजी पदवी संस्थानाबाहेरही चालेल आणि उर्दू पदवी मुख्यतः संस्थानातील नोकरीच्या कामी येईल, एवढाच हिशेब ते करीत. उलट ज्या घरात वतन, वकिली किंवा सरकारी चाकरी होती, तेथे उस्मानियाचा आग्रह धरला जाई, कारण उर्दूवाचून तेथे पाऊल पुढे पडत नसे. दोन्ही घरांतील वडील मुलाचेच हित पाहत होते. भविष्यकाळ कोठे आहे, याविषयीचा त्यांचा अंदाज तेवढा निराळा होता.

पुण्याची वाट ऐपतीची होती, असेही सरसकट समजू नये. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा पुण्यात होती. १९०९ साली तेथे अनाथ विद्यार्थी गृहही निघाले होते. खरा अडसर पैशापेक्षा अंतराचा आणि काळजीचा होता. मुलगा दूर गेला तर परत येईल का, आणि आला तर कोणते विचार घेऊन येईल, ही चिंता निजामाच्या राज्यातील सरकारी नोकर पालकाला अधिक भेडसावीत असे. काही घरांनी तरीही मुलांना याहून दूर धाडले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातील एक अग्रणी गोविंदभाई श्रॉफ यांनी गणिताचे उच्च शिक्षण कलकत्त्यास घेतले. ते परत आले आणि त्यांच्याबरोबर नवे विचारही आले.

या घरगुती बैठकीची खरी कसोटी १९३८ साली लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि हैदराबादेतील वसतिगृहांत प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. पुन्हा प्रवेश हवा असेल तर दिलगिरी व्यक्त करावी, हा मार्ग मोकळा होता, पण बहुतेकांनी तो नाकारला. येथे प्रथमच कॉलेजची निवड मुलांनी स्वतः केली आणि ती घरी कळविली. आपला मुलगा बहिष्कृत झाला, हे कळल्यावर तहसिलीत काम करणाऱ्या बापाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना आपणास करता येईल. माफी लिहून दे, असे सांगणारे पालक भ्याड होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पगारावर दहा-बारा माणसे जेवत होती. पण अंगावरचे दागिने मोडून मुलाला नागपूरच्या गाडीचे भाडे देणे, हाही एक प्रकारचा सत्याग्रहच असतो. इतिहासाच्या पुस्तकात त्या मुलांची नावे येतात. भाडे देणाऱ्यांची येत नाहीत.

नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना दार उघडले, ही गोष्ट मराठी माणसाने कृतज्ञतेने स्मरणात ठेवावी अशी आहे. त्या विद्यार्थ्यांत वरंगळकडील एक तेलुगू मुलगा होता. नागपुरास आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना तो मराठीशी इतका समरस झाला, की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्याने पुढे तेलुगूत नेली. १९९१ साली देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव ते हेच. बंद झालेल्या एका दारामुळे दोन भाषांमध्ये असा एक पूल बांधला गेला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि थोड्याच काळात उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. उर्दूतून शिकून वर आलेल्या एका पिढीच्या पायाखालची जमीन सरकली. याच संक्रमणकाळात वसमतकडचा एक बुद्धिमान मुलगा हैदराबादच्या सिटी कॉलेजात दाखल झाला. त्याचे मामा, डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक होते. मामाच्या घरी राहून शिकणे, ही आपल्याकडील जुनी आणि विश्वासाची व्यवस्था. मुलाने ग्रंथालये पालथी घातली, चळवळीत भाग घेतला, आणि इंटरच्या परीक्षेत तो नापास झाला, तेही एकदा नव्हे. नरहर कुरुंदकर यांची ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे ते नांदेडला शाळेत शिक्षक झाले, पदव्या मागाहून मिळविल्या आणि पीपल्स कॉलेजचे प्राचार्यही झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. मामाच्या घराने भाच्याला परीक्षेतील यश दिले नाही, पण पुस्तके आणि विद्वानांचा सहवास दिला. पारडे कोणत्या बाजूला झुकले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

कुरुंदकरांच्या चरित्रात येणारे ते पीपल्स कॉलेज १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने निघाले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्यांच्या घरी कॉलेजविषयी सल्ला देणारा एकही शिकलेला माणूस नव्हता, अशा हजारो मुलांचे वडीलपण या संस्थेने पत्करले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड-परभणीकडून हैदराबादेस शिकायला येणाऱ्या मुलांचा ओघ मंदावला. आम्ही येथेच राहिलेले मराठी लोक मात्र जिल्हे गेल्यावर उरलेल्या राजधानीतील नागरिक झालो.

आज आपल्या घरांतील बैठक बदलली आहे. इंटरच्या दोन वर्षांत प्रवेशपरीक्षेची तयारी, शिकवणी वर्ग आणि गुणानुक्रम यांचेच बोलणे होते. हिशेब वाईट नाही. आपल्या आजोबांनीही हिशेबच केला होता. पण या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते, ती आपणापुढे ठेवून मी रजा घेतो. उद्याच्या नोकरीविषयी वडीलमंडळींचे अंदाज वारंवार चुकले. १९३० साली ज्याने दूरदृष्टीने उर्दूची वाट धरली, त्याची दूरदृष्टी १९४८ साली निरुपयोगी ठरली. चुकले नाहीत ते गाडीभाडे, मामाच्या घरातील अंथरूण, आणि नापास होऊन परत आलेल्या मुलासाठी उघडलेले दार. कोणते कॉलेज, याचे अचूक उत्तर देणे कोणत्याच पिढीच्या हाती नव्हते. मुलगा निघतो आणि परततो तेव्हा दारात उभे राहणे, एवढे मात्र प्रत्येक पिढीच्या हाती होते, आणि ते आपल्याही हाती आहे.