शेवटचा प्रोग्राम

१९८१ साली इंग्लंडमध्ये एक सॉफ्टवेअर बाजारात आलं. नाव होतं ‘द लास्ट वन’, म्हणजे ‘शेवटचा’. तुम्ही फक्त प्रश्नांची उत्तरं द्यायची, बेसिक भाषेतला प्रोग्राम ते लिहून देणार. यानंतर कुणाला प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, असा त्या नावामागचा दावा. आज ते नाव फारसं कुणाला आठवतही नाही.

ही भविष्यवाणी तेव्हाही जुनीच होती. १९५४ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रानचा आराखडा मांडला. कोड लिहिणं आणि त्यातल्या चुका शोधणं जवळपास संपेल, अशी आशा त्यात होती. १९५७ मध्ये फोरट्रान आली आणि काम खरंच सोपं झालं. पण सोपं झालं तशी कामाची मागणीही वाढली. मग १९६० मध्ये कोबोलचा आराखडा आला. साहेबालाही वाचता यावी म्हणून तिची वाक्यं साध्या इंग्रजीसारखी. साहेब काही वाचत बसले नाहीत. कोबोल प्रोग्रामर ही नवी नोकरी मात्र तयार झाली. एप्रिल २०२० मध्ये बेकारभत्त्याचे अर्ज तुंबले, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांची मदत मागावी लागली.

हे प्रोग्राम तेव्हा पंच कार्डांवर असत. ओळीला एक कार्ड, कार्डाला ८० रकाने. फोरट्रानचा कोड ७२व्या रकान्याशी थांबे. उरलेल्या ८ रकान्यांत क्रमांक टाकता येई, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी पुन्हा लावता येई. काहीजण गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढत. रेघ तुटकी दिसली की समजावं, क्रम चुकलाय.

ही कार्डं पंच करण्याचं काम बहुतांशी बायका करत. कीबोर्ड आणि स्क्रीन आले आणि ती नोकरी खरोखर गेली. म्हणून ‘आधीही काही झालं नाही, आताही होणार नाही’ असं एआयबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही. कुणाचं तरी काम जातंच.

पण कागदाने एक गोष्ट जपली. अपोलो ११ चा कोड आज फोनवर वाचता येतो, तो एमआयटी म्युझियममधल्या छापील प्रतींमुळे. त्या स्कॅन झाल्या आणि स्वयंसेवकांनी त्या ओळीन् ओळ पुन्हा टाइप केल्या. चंद्रावर उतरण्याच्या भागात एका ओळीशेजारी कुणीतरी शेरा मारून ठेवलाय: हे तात्पुरतं असावं, अशी आशा. यंत्राला त्या शेऱ्याचा काही उपयोग नव्हता. तो पुढच्या माणसासाठी होता. ती ओळ तशीच चंद्रावर गेली.