आमगावचा मारिओ जरा हळू धावायचा

'रेट्रो' हा शब्द हल्ली गेमच्या कुठल्याही ॲप स्टोअरमध्ये भेटतो. जाडेभरडे चौकोनी ठिपके, किणकिणणारं संगीत, कोपऱ्यात तीन लाल बदाम, की झाला गेम रेट्रो. असे गेम मी भरपूर खेळतो आणि त्यातले काही मला मनापासून आवडतात. पण ते ज्या बालपणाची आठवण काढतात, ते माझ्या गावातलं नाही. निन्टेन्डोचं अस्सल यंत्र दुकानातून घरी आणणाऱ्या अमेरिकी आणि जपानी मुलांचं ते बालपण आहे. आमगावात आलं ते त्या यंत्राचं दूरचं, बिननावाचं भावंड. त्या भावंडाचा इतिहास माहीत असला की आजचे रेट्रो गेम वेगळेच दिसायला लागतात.

बिननावाचा डबा

निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' जपानमध्ये विकायला काढला तो १५ जुलै १९८३ रोजी. अमेरिकेत तोच १९८५ मध्ये 'एनईएस' या नावाने, नव्या रूपात गेला. कामापुरती मेमरी फक्त २ केबी. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा गेम ४० केबीत बसतो. व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो बहुधा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत भागवायचं म्हणून मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा बघा.

यंत्र साधं, म्हणून त्याची नक्कलही जमली. तैवान, हाँगकाँग, चीनमधून त्याचे क्लोन जगभर गेले. रशियात १९९२ पासून 'डेंडी' विकला जायला लागला आणि तिथल्या एका पिढीसाठी व्हिडिओ गेम म्हणजेच डेंडी. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं आली. पुढे आतल्या सुट्या चिप जाऊन सगळं एकाच चिपवर आलं. डबा उघडला तर हिरव्या पट्टीवर डांबराचा थेंब पडल्यासारखा एक काळा गोळा दिसायचा, तेच अख्खं यंत्र. त्यामुळे डबा स्वस्त झाला आणि आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचला.

आमगाव हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं, गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका बाजूला मध्य प्रदेश जवळ, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमच्या घरी डबा आला तो धान विकून झाल्यावर, गोंदियाच्या बाजारातून. डब्यावर कंपनीचं नाव धड नव्हतं. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट' म्हणायचो, कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. वेगळे गेम मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरायची. बाकी सगळे तेच तेच पुन्हा: 'कॉन्ट्रा' तिसऱ्या लेव्हलपासून, 'कॉन्ट्रा' हातात आधीच भारी बंदूक देऊन, मारिओ भलत्याच जागेवरून.

याला लबाडी म्हणतात, आणि ती होतीच. पण तिचा एक फायदा झाला. ज्या लेव्हलपर्यंत आम्ही स्वतःच्या बळावर कधी पोचलो नसतो, त्या आम्हाला यादीतून थेट बघायला मिळाल्या. आजच्या गेममध्ये 'कुठूनही सुरू करा' ही सोय दिली की जुने खेळाडू नाक मुरडतात. आमगावच्या पोरांना ती सोय पहिल्या दिवसापासून होती.

तीन जान म्हणजे पाळीचं घड्याळ

'कॉन्ट्रा' हा कोनामीचा गेम १९८७ मध्ये आर्केडमध्ये आला आणि १९८८ मध्ये फॅमिकॉमवर. एक गोळी लागली की मेलात. अशा तीन जान. अमेरिकेत विकल्या गेलेल्या 'कॉन्ट्रा'त वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए दाबलं की तीस जान मिळायच्या. ही क्लृप्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी 'ग्रेडियस'साठी बनवली होती, कारण तपासणी करताना त्यांनाच तो गेम झेपत नव्हता.

तीन जान आल्या कुठून? आर्केडमधून. तिथे खेळाडू जितक्या लवकर मरेल तितक्या लवकर दुसरं नाणं पडतं. यंत्र घरात आलं तेव्हा नाण्याचा संबंध संपला, पण तीन जान राहिल्या. अमेरिकेत आपल्या खोलीत एकट्याने खेळणाऱ्या मुलाला त्या नुसता त्रास असतील. आमच्याकडे मात्र त्यांना पुन्हा काम मिळालं. गल्लीत डबा एक, रिमोट दोन आणि पोरं सहा-सात. मेलास की रिमोट दे. कुणाला किती वेळ खेळू द्यायचं हे मोठ्यांनी येऊन ठरवायची गरज नव्हती, ते तीन जान ठरवत. अमर्याद जान असलेला गेम आमच्याकडे आला असता तर पहिल्या पोराच्या हातून रिमोट सुटलाच नसता.

'कॉन्ट्रा'तल्या धबधब्याच्या लेव्हलने आम्हाला आणखी एक शिकवलं. तिथे वर चढत जायचं असतं, आणि एकजण घाईने वर गेला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा मरतो. "अबे रुक, मुझे आने दे!" असा ओरडा व्हायचा. आमच्याकडे भांडण हिंदीतच होतं. चांगला खेळाडू म्हणजे जोडीदारासाठी थांबणारा, ही व्याख्या गल्लीत अशी ठरली.

आणि मग लाइट जायची. त्या काळच्या लोडशेडिंगचे तास तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. मारिओ असो वा कॉन्ट्रा, सेव्ह करायची सोय नव्हती. लाइट आली की पहिल्यापासून. आमच्या खेळातली सगळ्यात अवघड लेव्हल कोनामीने बनवलेली नव्हती, ती वीज मंडळाची होती.

सहाला पाच

कॉलेजात असताना संगणकावर इम्युलेटर टाकून मी मारिओ लावला, तर तो भलताच जोरात पळायला लागला. संगीतही घाईत. इम्युलेटर मात्र ठीक होता.

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत. भारतात पाल पद्धत, सेकंदाला ५०. इथे विकले जाणारे डबे आपल्या टीव्हीला चालतील असे बनवलेले होते. त्या काळचे गेम वेळ मोजत ते चित्रांवरून: एक चित्र, एक पाऊल. म्हणजे ३० चित्रांत पूर्ण होणारी उडी तिकडे अर्ध्या सेकंदाची आणि आपल्याकडे पाऊण सेकंदाच्या जरा अलीकडे, ०.६ सेकंदाची. युरोपातही पाल टीव्हीच होते, पण तिथे विकलेल्या मारिओचा वेग निन्टेन्डोने जुळवून दिला होता. पायरेटेड कॅसेटसाठी एवढी मेहनत कोण घेणार? म्हणून आमचा मारिओ सहा पावलांच्या जागी पाचच टाकायचा. आमच्या बोटांत बसलेला उडीचा अंदाज त्या हळू मारिओचा आहे.

ज्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यांचा गेम आणखी वेगळा. मारिओत मोठं करणारं मश्रूम आणि जास्तीची जान देणारं मश्रूम यांचा आकार एकच, फरक फक्त रंगाचा. करड्या पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच दिसत. खाल्ल्यावर कळायचं काय मिळालं ते.

नकलेवर वाढलेले खेळ

'आम्ही नकली खेळलो' असं म्हणताना आमची पिढी थोडी लाजते. लाजायचं कारण नाही. दगडी कुऱ्हाड फेकणारा, सतत भूक लागणारा तो टोपीवाला आठवतो? तो 'ॲडव्हेंचर आयलंड' (१९८६). मुळात तो सेगाच्या 'वंडर बॉय'चाच अवतार. हडसन कंपनीला गेम वापरायला मिळाला, पण नायक नाही. मग त्यांनी आपल्याच कंपनीचे जाहिरातीतले लोकप्रिय गृहस्थ, ताकाहाशी मेइजिन, त्या जागी बसवले.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की सुरू होणारा 'डेंजरस डेव्ह' जॉन रोमेरोने बनवला, मारिओ डोळ्यांसमोर ठेवून. सप्टेंबर १९९० मध्ये त्याचे सहकारी जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली आणि त्यात मारिओच्या जागी डेव्हला ठेवलं. नाव दिलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. निन्टेन्डोला पीसीवर मारिओ नको होता. पण त्या रात्रीच्या नकलेतून 'कमांडर कीन' आला आणि १९९१ मध्ये 'आयडी सॉफ्टवेअर' कंपनी उभी राहिली. पुढे 'डूम' तिनेच बनवला.

आजचे रेट्रो

आता नव्या गेमांबद्दल. 'शॉव्हल नाइट' (२०१४) दिसतो एनईएसच्या गेमसारखा, पण जुनी सगळी बंधनं पाळत नाही. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त आकृत्या आल्या की जुन्या यंत्रावर चित्रं लुकलुकायची. इथे ते होत नाही. पडदाही रुंद. मला हे पटतं. सगळ्यात छान गोष्ट म्हणजे यातले चेकपॉइंट तुम्ही फोडू शकता. फोडला तर धन मिळतं, पण मेलात तर मागे जाता. लाइट कधी जाईल याचा अंदाज घेत खेळणाऱ्याला हा जुगार ओळखीचा वाटतो.

'सेलेस्ट'मध्ये (२०१८) जान मोजतच नाहीत. मेलात की क्षणात त्याच जागी पुन्हा उभे. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. अगदीच जमत नसेल तर वेग कमी करायची सोय आहे. त्यावर 'हा काय खेळ झाला' म्हणणारे मला भेटतात. मी त्यांना सांगतो, आम्ही अख्खं लहानपण कमी वेगाने खेळलो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मजा कमी झाली नाही.

ब्राझीलच्या जॉयमॅशरचा 'ब्लेझिंग क्रोम' (२०१९) 'कॉन्ट्रा'चा सख्खा वारस वाटतो आणि दोघांना एकत्र खेळता येतो, म्हणून मला तो प्रिय. याउलट, जे गेम फक्त 'जुना लुक' म्हणून तीन जान ठेवतात आणि खेळणारा एकटाच असतो, ते मला कंटाळवाणे वाटतात. मागे वाट बघणारं कुणी नसेल, तर तीन जान कशासाठी?

फोनवर खेळायचाच असेल तर 'डाउनवेल' (२०१५) घ्या. ओजिरो फुमोतोने बनवलेला हा गेम फोन उभा धरून खेळायचा. विहिरीत खाली पडत जायचं, बुटांतून गोळ्या सुटतात. पडद्यावर रंग मोजके, बटणं तीन. एक डाव काही मिनिटांत आटोपतो. आणि त्यामुळेच तो एकट्याने खेळू नका. चौघं बसा, मेला की फोन पुढच्याला द्या. कुठलाही सीआरटी फिल्टर लावण्यापेक्षा रेट्रो यात जास्त आहे.

राहिला तो डबा. २०२३ मध्ये 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने दाखवून दिलं की अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ही अवस्था नाव, वर्ष, कंपनी असलेल्या गेमांची. मग कॅसेटवर नुसतं '९९९९९९९ इन १' लिहिलेल्या आपल्या गेमांचं काय होणार? त्यातल्या बदललेल्या लेव्हल कुण्या कारखान्यातल्या कुणीतरी बनवल्या होत्या आणि कदाचित त्या त्याच कॅसेटमध्ये उरल्या असतील. तुमच्या घरी, मामाकडे, माळ्यावर असा डबा सापडला तर भंगारात देऊ नका. लेबलचा फोटो काढा, सुरू होत असेल तर गेमच्या यादीचाही काढा. गाव आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवा. आमगाव, २००१ च्या सुमारास, सहाला पाच: माझी नोंद ही.